शंभरची वरची रेघ

आपल्याकडे अक्षरांची वरची रेघ शेवटी ओढतात. हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. शाळेत पाटीवर आधी अक्षरं काढायची, मग एका दमात सगळ्यांच्या डोक्यावरून रेघ मारायची, की शब्द पुरा झाला. पुढे मी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो, तेव्हा ती रेघ म्हणजे कामावरचा शेवटचा हात झाली. मालक रस्त्यात उभा राहून मान वर करून बघत असायचा आणि रेघ ओढली की म्हणायचा, "हां, आता कसं दुकान वाटतंय." या सवयीपायी मी एका म्हाताऱ्या माणसाचं नुकसान केलं, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणता येईल. नक्की काय झालं ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही कळलेलं नाही.

चौऱ्याहत्तर साल असेल. मी रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातला. घरी उसाची थोडी जमीन, थोरला भाऊ फौजेत. मला शेतात गोडी नव्हती, म्हणून सांगलीत एका पेंटरच्या हाताखाली राहिलो आणि चार वर्षांनी स्वतःची कामं घेऊ लागलो. पेठेच्या मागच्या गल्लीत एक चिनी दातांचे डॉक्टर होते. तरुणपणी कलकत्त्याहून आले आणि इथंच राहिले. बायको वारली होती. एकच मुलगी, विशी ओलांडलेली, जन्म सांगलीचा. तिला भाजीवालीशी भांडताना डोळे मिटून ऐकलं, तर आमच्याच गावची वाटायची. दुकानाच्या पाटीवर एक भलीमोठी कवळी काढलेली होती आणि ती दर दोन वर्षांनी मी रंगवायचो. हिरड्यांचा गुलाबी रंग डॉक्टरांना कधीच पसंत पडला नाही. "ह्ये आजारी मान्साचं तोंड झालं," म्हणायचे. "निरोगी दे."

थंडीच्या दिवसांत एकदा त्यांनी मला बोलावून पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"पेंटर, चार अक्षरं लिवायची हाईत. चिनी."

"डॉक्टर, माझं मराठीच मोडकंतोडकं. चिनी कुठनं लिवू?"

"हात चांगला हाय तुजा. यील."

"मग तुमीच का लिवत न्हाई?"

"मला येळ न्हाई," ते म्हणाले. दुकानात एकही पेशंट नव्हता.

हकिगत अशी होती. मुलीला कलकत्त्याचं स्थळ आलं होतं. तिकडची माणसंही दातांच्या धंद्यातली. दीड महिन्यानं मुलाचे वडील सांगलीला येणार होते. त्यांच्यात अशा वेळी लाल कागदावर शुभाची अक्षरं लिहून दारावर लावतात, आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायची असतात. पाहुण्यांनी पत्रासोबत कागदही पाठवला होता. लांब, जाड, कुंकवासारखा लाल. एकच. चार अक्षरांचे अर्थ डॉक्टरांनी बोटांवर सांगितले: शंभर, वर्षं, चांगलं, जुळणं. म्हणजे शंभर वर्षं नीट जमू दे.

मला वाटलं, नक्कल तर करायची आहे. ट्रकच्या पाठीवर मी मोर काढतो, वाघ काढतो, ही तर चार अक्षरं. डॉक्टरांनी वहीत पेन्सिलीनं ती काढून दिली होती, रेघा नागमोडी होत्या, पण आकार कळत होता. मी पाच मिनिटांत वर्तमानपत्रावर हुबेहूब उतरवून दाखवली. डॉक्टरांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते.

"चूक," ते म्हणाले.

"कुठं चुकलं? शेम टू शेम हाय की."

"दिसायला बरोबर हाय. लिवलंय चूक."

मला काही समजेना. दिसायला बरोबर असलेली पाटी चूक कशी असेल? मग त्यांनी समजावलं. प्रत्येक अक्षरात सहा रेघा आणि प्रत्येक रेघेचा नंबर ठरलेला. शंभरच्या अक्षरात वर एक आडवी रेघ असते, अगदी आपल्या शिरोरेषेसारखी. तिच्या मधून एक आखूड तिरकी रेघ खाली उतरते, आणि त्याखाली मधे एक कप्पा असलेली चौकट. मी सवयीनं चौकट आधी काढली होती, मग तिरकी, आणि शेवटी ऐटीत वरची रेघ ओढली होती.

"वरची आधी. छप्पर आधी घालायचं."

"आवं डॉक्टर, भितीच्या आधी छप्पर कुणी घालतं व्हय? आमच्यात छप्पर शेवटी."

"म्हनून तुमची अक्षरं भिजत्यात," ते म्हणाले. आतून मुलगी खदखदून हसली.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणं झाली की, मी तिथं बसायला लागलो. शाईची एक काळी कांडी होती. सहाणेवर चंदन उगाळतात तशी ती दगडावर पाण्यात उगाळायची. ब्रश माझ्या ब्रशांसारखा चपटा नव्हता, गोल आणि टोकदार होता, आणि तो उभा धरायचा होता. यातलं काही अवघड नव्हतं. अवघड होता तो नंबर. एक नियम डोक्यात बसला की दुसरं अक्षर तो मोडायचं. आडवी आधी, उभी नंतर, असं पाठ केलं, तर 'चांगलं' या अक्षरात बाईची आडवी रेघ शेवटी आली. (डावीकडे बाई, उजवीकडे मूल, दोघं शेजारी उभी राहिली की चांगलं.) 'वर्षं'मध्ये उभी रेघ सगळ्यात शेवटी, वरपासून खालपर्यंत आरपार. चौकटीत आतली रेघ आधी टाकायची आणि तळ नंतर बंद करायचा. त्यात चार अक्षरं लिहायची उजवीकडून डावीकडे, पण प्रत्येक अक्षरातल्या रेघा ओढायच्या डावीकडून उजवीकडे. मी विचारायचो, असं का? डॉक्टर म्हणायचे, असंच. एकदा चिडून म्हणाले, "तू जेवताना आधी भाकरी मोडतोस का आधी तोंड उघडतोस? कुणी शिकवलं?"

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर दोस्त वाट बघत असायचे. "काय रं गड्या, चिनी झालास व्हय? आता डोळं बारीक कर." मी हसायचो. पण रात्रंदिवस डोक्यात त्या रेघा चालू असायच्या. त्याच दिवसांत एका दुकानाच्या पाटीवर मी सगळ्यात आधी वरची रेघ ओढून बसलो. मग खाली अक्षरं टांगायला घेतली, तर ती दोन बोटं कमी पडली. मालकानं नाही नाही ते ऐकवलं.

दहा-बारा दिवस झाले तरी 'वर्षं'मधली शेवटची उभी रेघ मला सरळ सोडता येईना. डॉक्टर मागून आले आणि दाखवायला म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. माझ्या हातातला ब्रश थरथरायला लागला. आधी वाटलं माझंच मनगट अवघडलंय. मग कळलं, थरथर त्यांच्या हातातून येतेय. कागदावर गोमेसारखी रेघ उमटली. त्यांनी हात काढून घेतला आणि दुसऱ्या हातात दाबून धरला.

"दात उपटताना जोर असतो," ते म्हणाले. "तवा हात गप असतो. ब्रशाला जोर चालत न्हाई."

मग उरलेलं त्यांनी त्या दुपारी सांगितलं. कलकत्त्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. मुलीचं लग्न झालं की दुसऱ्या खुर्चीवर डॉक्टरांनी बसायचं आणि मुलीच्याच घरी राहायचं, असं पाहुण्यांनी पत्रात सुचवलं होतं. कारागीर म्हणून. अक्षरं स्वतः लिहा, असं त्यांनी मुद्दाम कळवलं होतं, ते उगीच नाही. थरथरत्या हाताचा दातांचा डॉक्टर कुणाला हवा? हात कळला तर मुलगी जाईल आणि हे सांगलीत एकटे राहतील. आणि रेघांचा नंबर चुकला तर हात दुसऱ्याचा आहे हे कळेल, कारण बघणाऱ्याला शाई सांगते, कुठली रेघ कुणाच्या अंगावर चढली ते.

"पोरीला ठावं हाय?" मी विचारलं.

"हाताचं ठावं हाय. तू लिवनार ते बी ठावं हाय. खुर्चीचं ठावं न्हाई. तिला सांगू नगंस. न्हाईतर लगीनच नगं म्हणंल."

त्यानंतर मला झोप लागेना. आधी ते काम होतं, आता एका माणसाचं म्हातारपण माझ्या मनगटावर आलं. मधे चार दिवस गावी गेलो, तर तिथंही वर्तमानपत्रं घेऊन बसलो. भाऊ सुट्टीवर आला होता. बासष्टला तो वरच्या बर्फात होता आणि तिथलं कधी काही सांगायचा नाही. तो माझ्या मागे उभा राहिला तेव्हा मी कागद झाकायला गेलो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "काय लिवलंय ह्ये?"

"शंभर वर्षं नीट जमू दे. लग्नाचं हाय."

त्यानं एक कागद उचलला. "तिकडं एका पत्र्याच्या डब्यावर असली अक्षरं हुती. आमी दोन दिस हात लावला न्हाई. म्हटलं, दारूगोळा असंल. उघडला तर बिस्किटं." मग म्हणाला, "लिव. चांगलं लिव." तो चेष्टा करत होता की नाही, मला कळलं नाही.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी लाल कागद जमिनीवर पसरला. मुलगी बाजारात गेली होती. डॉक्टर समोर उकिडवे बसले आणि कागद सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याच्या कडा दाबून धरल्या. मी शाई उगाळली. तोवर मी चारही अक्षरं न चुकता कमीत कमी पाचशे वेळा लिहिली होती. पण एवढा मोठा कोरा लाल कागद बघून माझ्या मनात पेंटरचीच भीती आली: चारही अक्षरं एका ओळीत येतील ना? एक वर, एक खाली झालं तर? पाटीवर मी दोरीनं खडूची रेघ मारून घेतो, इथं ती चालणार नव्हती. मी मनातल्या मनात वरची ओळ धरली, उजवीकडे सरकलो आणि शंभर लिहायला घेतलं. तिरकी रेघ. चौकटीची डावी बाजू. वरून वळून उजवी. आतली. तळ. आणि मग हात वर गेला आणि मी आडवी रेघ ओढली, छान, सणसणीत, एका दमात.

रेघ संपता संपता मला कळलं, छप्पर शेवटी घातलं.

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांची मान खाली होती, हात कागदाच्या कडेवर दाबलेले. चेहरा दिसत नव्हता.

"म्होरलं," ते म्हणाले.

मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. दुसरा कागद नव्हता, पण सांगायला तर हवं होतं. मला वाटलं, त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, दिसायला तर बरोबरच आहे. उरलेली तिन्ही अक्षरं मी चोख लिहिली. आडव्या-उभ्या सगळ्या आपापल्या नंबरानं. कागद वाळल्यावर शंभरकडे जवळून बघितलं तर तिरक्या रेघेचं डोकं वरच्या रेघेखाली दबलेलं मला तरी स्पष्ट दिसत होतं. मी ब्रश धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाटीवरच्या हिरड्या रंगवायच्या निमित्तानं शिडी लावून बाहेर उभा राहिलो. मुलाचे वडील आले. उंच, शिडशिडीत, कोट घातलेले. दारासमोर थांबले आणि वर बघितलं. मग उजव्या हाताचं एक बोट हवेत धरून अक्षर गिरवायला लागले. आडवी. तिरकी. बोट थांबलं. पुन्हा सुरुवात केली, या वेळी तिरकी, चौकट, आणि शेवटी आडवी. ते डॉक्टरांकडे वळून काहीतरी बोलले. एकच वाक्य. डॉक्टर काहीतरी बोलले, ते बरंच लांब. मग दोघे आत गेले आणि दार लागलं. गुलाबी रंग माझ्या बाहीवर ओघळला होता, तो मला संध्याकाळी दिसला.

चहा देऊन मुलगी बाहेर आली तेव्हा मी शिडीवरूनच विचारलं, "काय म्हणत्यात?"

"मला काय कळतंय, पेंटरदादा? आमचं घरातलं चिनी म्हंजे जेव, झोप, दार लाव. ह्ये लोक काय भडाभडा बोलत्यात."

लग्न ठरलं, झालं, ती कलकत्त्याला गेली. मिरजेच्या स्टेशनवर डॉक्टर तिला सोडायला आले आणि परत सांगलीला आले. दुसऱ्या खुर्चीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सहा महिने मी त्या गल्लीतून जायचं टाळलं. शेवटी एका दुपारी गेलो. डॉक्टर मेणात कवळीचे दात बसवत होते. दात उपटायचं त्यांनी बंद केलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं की शंभरची वरची रेघ मी शेवटी ओढली होती आणि माझ्यामुळं हे झालं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"तुमी बघितलं हुतं?"

"कागद कोन धरून बसला हुता? तू तिरकी आधी टाकलीस तवाच बघितलं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू का न्हाई बोललास?"

मी विचारलं, पाहुणे दारात काय म्हणाले होते.

"म्हनले, अक्षर लय चांगलं हाय. कुणाचं हाय?"

"आनि तुमी?"

"मी म्हनलं, आमच्या पेंटरचं. माझा हात थरथरतोय."

मी चक्रावून गेलो. कुणाचं हाय, असं त्यांनी रेघ बघून विचारलं, की सहज? आणि विचारलं तरी हे सरळ खरं का बोलले? दीड महिना मला घासलं ते कशाला मग? मी हे सगळं विचारलंही असेल, पण ते दाताला मेण लावत राहिले आणि म्हणाले, "तो दिवा जरा अलीकडं धर."

मी दिवा धरला. त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. बारीक काम मी करायचो, ते सांगायचे. मला क्षमा झाली की शिक्षा, ते समजलं नाही, पण जाणं सोडवेना.

पाच वर्षांनी मुलगी एकटीच आली. दुसऱ्या खुर्चीचं आणि चुकलेल्या रेघेचं तिला सासरी कळलं होतं. सासरे वारले होते, आता घरात तिचा शब्द चालत होता आणि ती वडिलांना न्यायला आली होती. डॉक्टर तिला हो म्हणेनात, नाही म्हणेनात. तिसऱ्या दिवशी ती मला गल्लीच्या तोंडाशी गाठून म्हणाली, "पेंटरदादा, एक खरं सांगा. बाबा मला काल म्हनले, ती रेघ मीच पेंटरला मुद्दाम चुकवायला लावली हुती. म्हनले, मला कवाच जायाचं नव्हतं. खरं हाय का?"

असं काही झालं नव्हतं. पण त्यांनी ते का सांगितलं असेल? तिला पाच वर्षं लागून राहिलेली टोचणी काढायला? की खरंच जायचं नव्हतं म्हणून? की मला वाचवायला? मी नाही म्हणालो असतो तर तिनं त्यांना उचलून नेलं असतं. आणि एक गोष्ट कबूल करतो, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती विचारत असताना माझ्या मनात पहिला विचार त्यांचा आला नाही. असं असेल तर चूक माझी नाही, हा आला.

"व्हय," मी म्हणालो. "त्यांनीच सांगितलं हुतं."

तिचा चेहरा आधी सैल पडला, मग कडक झाला. "मग मला इतकी वर्षं झुरत का ठिवलं त्यांनी?" म्हणाली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती परत गेली. जाताना वडिलांच्या पाया पडली, पण बोलली नाही.

आठवड्यानंतर दुकानात एक हवालदार आला. चिनी माणसाला गाव सोडून दुसरीकडे राहायला जायचं तर त्या काळी पोलिसांचा परवाना लागायचा. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचा कलकत्त्याचा परवाना आलाय. कवा निघताय?"

माझ्या हातातली कवळी टेबलावर पडली.

डॉक्टरांनी ती उचलली, फुंकर मारली, उजेडात धरून तडा गेलाय का बघितलं. "आता नगं," ते हवालदाराला म्हणाले. "पोरीचं मन राखायला अर्ज दिला हुता. ती गेली."

"मग सही करा, नगं म्हनून."

डॉक्टरांनी पेन घेतलं. कागदावर ते टेकवलं, मग उचलून माझ्यापुढे धरलं. हवालदारानं आमच्या दोघांकडे बघितलं. अर्ज मुलीच्या समाधानासाठी होता की स्वतःच्या, हे मी त्यांना तेव्हा विचारायला हवं होतं. ते पुढे चार वर्षं जगले, रोज दुपारी समोर असायचे, आणि मी विचारलं नाही. मी पेन घेतलं आणि त्यांनी सांगितलं तिथं त्यांची सही केली.